उशीर कोणाच्या बाजूचा?

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. आदल्या दिवशी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि आपला सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तिथे चालतात. या मागणीसाठी सहाही जिल्ह्यांतील वकील मंडळी चाळीसहून अधिक वर्षे भांडत होती. मोर्चे झाले, कामबंद आंदोलने झाली, कितीतरी मुख्यमंत्र्यांना आणि मुख्य न्यायमूर्तींना निवेदने देऊन झाली. ज्यांनी पहिली निवेदने लिहिली त्यांच्यातले कित्येक जण आज हयात नाहीत. न्याय जवळ आणा ही मागणी मान्य व्हायलाच दीड पिढी लागली!

देवगडच्या माणसाला यात काय मिळाले ते आधी सांगतो, कारण माझे बरेचसे वाचक आणि नातेवाईक मुंबई-पुण्यात किंवा परदेशात आहेत. आतापर्यंत इथल्या माणसाचे प्रकरण हायकोर्टात गेले की मुंबई आली. एके काळी बोटीने, मग रात्रीच्या एसटीने, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर कणकवलीहून गाडीने. कुणा पुतण्याच्या डोंबिवलीतल्या खोलीवर मुक्काम, सकाळी फोर्टात वकिलांच्या ऑफिसबाहेर बसणे, आणि दुपारी कळणार की आपले प्रकरण आज बोर्डावर आलेच नाही. आता घाट चढून तीन-चार तासांत कोल्हापूर गाठता येते आणि रात्री घरच्या अंथरुणावर पाठ टेकता येते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, ही सोय किती मोठी आहे ते! म्हणून या बेंचचे मी मनापासून स्वागत करतो.

पण स्वागताच्या फटाक्यांत एक गोष्ट विसरली गेली असे मला वाटते. बेंचमुळे अंतर कमी झाले. वेळ कमी झाला का?

साधा हिशेब करू. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मंजूर पदे 94 आहेत आणि त्यांतली बरीचशी वर्षानुवर्षे रिकामी राहत आली आहेत. मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि पणजी यांच्या जोडीला आता कोल्हापूर आले. सुरुवातीला तिथे दोन न्यायमूर्तींचे एक खंडपीठ आणि एकेका न्यायमूर्तीची दोन पीठे बसली. हे चौघे आले कुठून? त्याच 94 च्या हंड्यातून. एका हंड्यातले पाणी चाराऐवजी पाच घागरींत ओतले म्हणून पाणी वाढत नाही. पाणी वाढायचे असेल तर विहीर खोल करावी लागते.

आता दुसरा हिशेब, शाळामास्तराला शोभेल असा. विधी आयोगाने 1987 साली आपल्या 120 व्या अहवालात सांगितले होते की देशात दर दहा लाख माणसांमागे साडेदहाच न्यायाधीश आहेत, ते 50 असावेत. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हेच पुन्हा सांगितले आणि पाच वर्षांची मुदत दिली. आज मंजूर पदे धरली तरी आकडा विशी-बाविशीच्या घरात आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या जवळपास. पन्नासच्या मापाने आपल्या जिल्ह्यात 42 न्यायाधीश हवेत. लाख-सव्वा लाखाच्या आपल्या देवगड तालुक्याच्या वाट्याला पाच-सहा यावेत. तितके न्यायाधीश बसायचे म्हटले तर खुर्च्या कुठे मांडणार, हा पहिला प्रश्न पडेल.

म्हणजे संख्या कमी आहे हे खरेच. साठ मुलांच्या वर्गात मी निबंधाच्या वह्या तपासल्या आहेत. तीस मुलांच्या वर्गात जे लक्ष देता येते ते साठांच्या वर्गात देता येत नाही, मास्तर कितीही कष्टाळू असो. पण तितकेच खरे हेही आहे की वर्ग लहान करून प्रत्येक मास्तर शिकवायला लागतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाचे उदाहरण घ्या. 1950 साली ते सुरू झाले तेव्हा सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीशांची तरतूद होती. टप्प्याटप्प्याने वाढत 2019 साली ती 34 झाली. चौपटीहून जास्त. तरीही तिथली प्रलंबित प्रकरणे ऐंशी हजारांच्या वर गेलेली आहेत. नुसती माणसे वाढवून खटले आटोक्यात येत नाहीत, हे त्या थोरल्या घरीच दिसते.

मग खटला लांबतो कुठे? माझे मत असे की तो सुनावणीत लांबत नाही, दोन तारखांच्या मध्ये लांबतो. तालुक्याच्या कुठल्याही कोर्टात सकाळी जाऊन बसा. बोर्डावर पन्नास-साठ प्रकरणे असतात. पुकारा होतो. कुठे समन्स बजावून आलेले नाही, कुठे वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, कुठे साक्षीदार आजारी आहे, कुठे मुदत अर्ज आहे. न्यायाधीश महाराज पुढची तारीख देतात. पक्षकार मान डोलावून बाहेर येतो आणि टपरीवर चहा पितो. 'काय झाले?' 'तारीख पडली.' दिवसभरात प्रत्यक्ष साक्ष आणि युक्तिवाद होतात ते थोड्याच प्रकरणांत. एकाच दिवशी साठ मुलांची तोंडी परीक्षा लावली तर काय होईल? दहा जणांची होईल, बाकीचे पन्नास व्हरांड्यात उभे राहून घरी जातील. शाळेत असे वेळापत्रक कुणी लावले तर पालक मुख्याध्यापकांना जाब विचारतील. कोर्टात मात्र आपण ते नशीब म्हणून स्वीकारतो.

नियम नाहीत असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन 1 जुलै 2002 पासून असे ठरले की सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, आणि द्यायची तर खर्च बसवावा. प्रतिवादीने आपली कैफियत तीस दिवसांत द्यावी, फार तर नव्वद दिवसांत. पण 2005 साली सर्वोच्च न्यायालयानेच नव्वद दिवसांची ही मर्यादा अगदी ताठर मानायची नाही असे म्हटले. त्यामागे विचार होता, की एखाद्याची खरी अडचण असू शकते. पण अपवादासाठी ठेवलेली ही खिडकीच पुढे येण्याजाण्याची वाट झाली.

आणि आता आपल्या कोकणातला खास आजार. आपल्याकडे खून-दरोडे कमी, दावे जमिनीचे. घाटावर एकेकाच्या सातबाऱ्यावर दोन-चार नावे असतील. आपल्याकडे दोन गुंठ्यांवर पंचवीस-तीस नावे म्हणजे काही विशेष नाही. पणजोबांच्या नावचे सामायिक बागायत, त्यांचे पाच मुलगे, त्यांची मुले, त्यातले निम्मे मुंबईला, काही बडोद्याला, एखादा दुबईला. शिवाय मुलींचा हक्क कायद्याने मान्य झाला, आधी 1994 च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि मग 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने. तो व्हायलाच हवा होता, उशिराच झाला. पण सर्व मिळून वाटपाच्या दाव्यात प्रतिवादींची यादी एका पानात मावत नाही.

या प्रत्येकाला समन्स पोहोचले पाहिजे. एकाचा पत्ता चुकला की थांबा. खटला चालू असताना यातला कोणी वारला तर नव्वद दिवसांत त्याचे वारस कागदावर आणले पाहिजेत, नाही तर त्याच्यापुरता दावा 'अबेट' होतो, म्हणजे आपोआप संपतो. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर म्हणणे, त्यावर हुकूम. तीस माणसांचा दावा वीस वर्षे चालला तर मधल्या काळात किती जण जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे खटला लांबतो म्हणून माणसे मरतात आणि माणसे मरतात म्हणून खटला आणखी लांबतो.

माझ्या वडिलांच्या वेळी आमचा असा एक दावा होता. विहिरीकडे जाणाऱ्या पाणंदीचा. वडील प्रतिवादी. चौथ्या वर्षी वादी वारले. त्यांचा एक मुलगा बडोद्याच्या गिरणीत होता, त्याच्या नावाचा कागद दोनदा पत्ता सापडत नाही म्हणून परत आला. नवव्या वर्षी वडील गेले, आम्हा भावंडांची नावे लागली. निकाल सतराव्या वर्षी लागला. तोवर वाडीत नळपाणी योजना आली होती आणि त्या विहिरीवर कोणी कळशी घेऊन जात नव्हते. पाणंदीत करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. कोण जिंकले ते इथे लिहीत नाही, नात्यातल्या वाचकांना ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना त्यात रस वाटण्याचे कारण नाही.

हे फक्त कोकणातलेच नाही. इतिहास शिकवताना मी मुलांना ताईमहाराज प्रकरण सांगत असे. पुण्याचे सरदार बाबामहाराज 1897 साली वारले, लोकमान्य टिळक त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त. 1901 साली औरंगाबादला दत्तक झाले आणि त्यावरून वाद पेटला. प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला 1915 साली. मधल्या काळात टिळक मंडालेला सहा वर्षे राहून परत आले. आणि जिच्या नावाने प्रकरण ओळखले जाते त्या ताईमहाराज 1903 सालीच वारल्या होत्या. टिळकांसारखा कायदा कोळून प्यालेला, जिद्दीचा माणूस. त्यांची ही गत, तर तुमची-माझी काय कथा?

गिनेस बुकाच्या जुन्या आवृत्त्यांत तर पुण्याच्या थोरातांच्या दाव्याची नोंद होती. मालोजी थोरातांनी 1205 साली मानपानाच्या हक्कासाठी केलेल्या दाव्याचा निकाल त्यांचे वंशज बाळासाहेब पाटलोजी थोरात यांना 1966 साली मिळाला म्हणे. 761 वर्षे! यादव, बहमनी, निजामशाही, मराठे, इंग्रज आणि स्वतंत्र भारत एवढ्या राजवटींतून एकच दावा चालत आला, हे मानायला माझ्यातला इतिहासाचा मास्तर तयार नाही. पण गंमत पाहा, हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितला त्यातल्या एकानेही 'अशक्य' म्हटले नाही. सगळे हसले आणि म्हणाले, असेल असेल. कोर्टावरची ही आपली श्रद्धा!

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. उशिराबद्दल आपण बोलतो तेव्हा तो पावसासारखा सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच पडतो असे समजून बोलतो. दोन्ही पक्षांचे नुकसान, दोघांचाही पैसा वकिलाकडे, वगैरे. हे अर्धसत्य आहे. देवगडात हापूसची बाग हे उदाहरण घ्या. सामायिक बागेचा दावा आहे. बाग एका भावाच्या ताब्यात आहे. दर वर्षी फवारणी तो करतो, काढणी तो करतो, पेट्या वाशीला तो पाठवतो आणि पट्टी त्याच्या खात्यात जमा होते. दावा वीस वर्षे चालला म्हणजे वीस हंगाम त्याचे झाले. दुसऱ्या भावाला कोर्टाने वीस वर्षे 'अजून ठरायचे आहे' असे सांगितले, पण झाडांनी दर एप्रिलमध्ये ठरवून टाकले. कायद्यात मधल्या काळाचे उत्पन्न मागता येते, नाही असे नाही. पण 2009 साली कोणत्या कलमाला किती फळ धरले आणि किती पेट्या झाल्या, हे 2029 साली सिद्ध कोण करणार?

म्हणून मी म्हणतो, उशीर तटस्थ नसतो. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याच्या बाजूने तो दर वर्षी एक निकाल देतो. तहकुबीचा अर्ज दिसायला साधा कागद, पण त्यात एका माणसाचा एक हंगाम जातो. न्यायाधीशांनी तारीख देताना आणि आपण तारीख मागताना हे ध्यानात ठेवले तर निम्मे अर्ज लिहिलेच जाणार नाहीत.

बरे, निकाल लागला म्हणजे संपले असेही नाही. 1872 साली प्रिव्ही कौन्सिलने म्हणून ठेवले आहे की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात. दीडशे वर्षांत काय बदलले? वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी कोणाचा हिस्सा किती ते ठरवते. शेतसाऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसीलदार, तिथून मोजणी. मोजणीची नोटीस पुन्हा त्या तीस जणांना. ताबा मिळत नसेल तर दरखास्त. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले की दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा. 2025 साली त्याच न्यायालयाने देशभरातून आकडे मागवले तेव्हा 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे दिसले, आणि त्यांत सर्वांत जास्त, तीन लाखांहून अधिक, आपल्या महाराष्ट्रात. आठवडा बाजारात भेटलेले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले होते, "गुरुजी, केस जिंकलंय मी. पण बागेत माका सोडता कोण?" या एका वाक्यात सगळे आले.

घाई नको, असे काही मित्र म्हणतात. त्यांचेही खरे आहे. अशिक्षित माणसाला कागद जमवायला वेळ लागतो, आणि धडाधड निकाल लावले तर हुशार आणि पैसेवाला पक्ष जिंकेल. पण घाई आणि नेमकेपणा यांत फरक आहे. बोर्डावर साठ ऐवजी पंधराच प्रकरणे लावा, प्रत्येकाला वेळ नेमून द्या, आणि त्या वेळी ते काम होईलच असे पाहा. वर्षात बारा तारखा घेऊन काही न होण्यापेक्षा चारच तारखा असाव्यात आणि प्रत्येक तारखेला एक पाऊल पुढे पडावे. आता तारीख मोबाईलवर कळते, ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा सगळा प्रवास दिसतो. सुधारणा चांगली आहे. पण मोबाईलवर शेवटी तारीखच दिसते. त्या दिवशी काय होणार हे कळेल तेव्हा खरी सुधारणा.

आणि कोर्टाला एवढे सुनावल्यावर थोडे आपल्यालाही सुनावले पाहिजे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण मला पूर्ण मान्य नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने चढावीच, नाही तर दांडगटांचे राज्य होईल. पण आपल्या कितीतरी दाव्यांत अन्यायापेक्षा आळस जास्त असतो. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी वारसनोंद केलेली नाही. काका-पुतण्यांनी तोंडी वाटप करून बांध घातले, पण कागदावर काहीच नाही. ते बांध ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे जिवंत आहेत तोवर सगळे सुरळीत, ती गेली की दावा. खरे तर सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप करून घेता येते. दावा आधीच चालू असेल तर लोकअदालत आहे. तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मुळात अपील नाही म्हणजे पुढची पंधरा वर्षे वाचली. यापेक्षा स्वस्त न्याय कुठल्याही बेंचवर मिळायचा नाही.

तेव्हा सरकारने आणि उच्च न्यायालयाने पदे भरावीत, तालुक्याला न्यायाधीश वाढवावेत, तहकुबीवर खर्च बसवावा. कोल्हापूरच्या बेंचला पुरेसे न्यायमूर्ती द्यावेत. नाही तर आधी मुंबईला जाऊन तारीख घेत होतो, आता कोल्हापूरला जाऊन घेऊ, एवढाच फरक उरेल.

शेवटी चार ओळी आमच्या घरच्या मंडळींसाठी, बाकीच्यांनी वाचल्या तरी हरकत नाही. आपल्या सामायिक बागायतीच्या सातबाऱ्यावर आज 27 नावे आहेत. त्यांतली नऊ माणसे आता नाहीत. कोणता बांध कोणाचा हे प्रत्यक्ष पाहिलेले आम्ही तिघेच उरलो आहोत आणि तिघेही पंचाहत्तरीच्या आसपास आहोत. आज आपल्यात भांडण नाही, म्हणूनच आज बसायचे. गणपतीला सगळे येतातच. पाचव्या दिवशी सकाळी आरती झाली की बागेत जाऊ, बांध दाखवतो, तिथेच नकाशावर खुणा करू. येताना प्रत्येकाने आधारकार्डाची प्रत आणि आपल्या घरातल्या गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले आणावेत. बडोद्याच्या मंडळींनी आपला पत्ता आताच कळवावा.